चार मिनिटं सोळा सेकंद

“एक सांगतंय, राग मानू नकात,” भाई पराडकर म्हणाले. ट्रायपॉडची पिशवी खांद्याला लावून मी त्यांच्या अंगणातून निघालोच होतो. “हयल्या बायकांचे फोटू काढू नकात. कालवां काढूक खडपात जातत, लुगडी वर खोवलेली असतत. गेल्या वर्षी एकान असोच फोटू काढल्यान, आणि तो गोव्याक खंयच्याशा हॉटेलाच्या भिंतीर लागलो. धुऱ्यांची सून. तिचो घोव ती भिंत फोडूक गेल्लो.”

“भाई, मला फोटोत माणसं नकोच आहेत,” मी म्हणालो. “त्यासाठीच तर आलोय इथे.”

“शब्द?”

“शब्द.”

त्यांनी मान हलवली आणि ते परत जाळं विणायला बसले. वेळणे गावात लॉज नव्हता. भाईंची एक खोली भाड्याने मिळायची, आणि पाहुणा कसा वागतो याची जबाबदारी गाव त्यांच्यावर टाकायचं. म्हणून तो शब्द.

मी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं. सांगलीत माझा स्टुडिओ होता. ‘शिखरे फोटो’. वीस वर्षं मी पासपोर्ट साइझ फोटो काढले, लग्नं काढली, बारशी काढली. स्टेजवर रांग लावून उभे राहिलेले आत्या-मामे, हनुवटी वर करा, इकडे बघा, काकू जरा हसा. माणसांच्या तोंडाचा मला मनापासून वीट आला होता. मग एका मासिकात समुद्राचे फोटो पाहिले. पाण्याचं धुकं झालेलं, लाट नाही, होडी नाही, माणूस नाही, नुसता काळा खडक आणि त्याच्याभोवती दूध. ते कसं करतात ते शोधून काढलं आणि त्या नादाला लागलो. बायको म्हणायची, तुला आता गिऱ्हाईक नसलेली फोटोग्राफी सापडली. ते खरंच होतं.

युक्ती अगदी साधी आहे. लेन्सच्या पुढे काळी काच लावायची, इतकी काळी की डोळ्याला तिच्यातून काही दिसत नाही. प्रकाश हजार पटीने कमी होतो. मग पाव सेकंदात निघणारा फोटो काढायला चार मिनिटं सोळा सेकंद लागतात. तेवढा वेळ कॅमेरा डोळा उघडा ठेवून बसतो. त्या वेळात जे जे हलतं ते पुसलं जातं. लाटा पुसल्या जातात, पक्षी पुसले जातात, समोरून चालत गेलेला माणूससुद्धा पुसला जातो. पहिल्यांदा गणपतीपुळ्याच्या गर्दीत हा प्रयोग केला आणि किनारा रिकामा आला, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता.

डिसेंबरची पौर्णिमा होती. पौर्णिमेला तिथे संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात आत जातं आणि मावळतीच्या उजेडात एरवी बुडालेला खडक उघडा पडतो. असे खडप गावात दोन. एक खाडीच्या तोंडाशी, तिथे सगळ्या बायका मिळून कालवं काढायला जातात. दुसरा टेकडीपलीकडे, पाठचा खडप. तिकडे जायला अर्धा तास चढ-उतार, म्हणून सहसा कोणी जात नाही. मी अर्थातच पाठच्या खडपावर गेलो.

पावणेसहाला जागा पक्की केली. समोर एक लांब काळा कातळ, त्याच्या मधोमध एक घळ, आणि घळीतून पाणी आत-बाहेर करत होतं. फ्रेम लावली, फोकस केला, आकाशापुरती अर्धी काळी काच खाली सरकवली आणि मापासाठी एक साधा फोटो काढला. स्क्रीनवर पाहिलं तर त्यात एक बाई होती.

पन्नास-साठ पावलांवर, घळीच्या जरा अलीकडे, ती पाठमोरी वाकून कोयतीने कालवं ठोकत होती. निळसर लुगडं गुडघ्याच्या वर खोवलेलं, बाजूला टोपली. मी आलो तेव्हा बहुधा खडकाच्या आड असावी. भाईंनी सांगितलेली धुऱ्यांची सून मला आठवली आणि मी तो फोटो लगेच डिलीट केला. दिलेला शब्द पाळला म्हणून स्वतःवर खूशही झालो.

तिला बाजूला व्हायला सांगावं का, असा विचार मनात आला. हाक मारायची, ती बिचकणार, काय काढताय विचारणार, मग समजावत बसा. तोवर उजेड जाणार. आणि सांगायची गरजही नव्हती. ती हलत होती. हलणारं सगळं जाणारच होतं.

मी काळी काच चढवली. कॅमेऱ्याच्या मागे डोळा लावायच्या खिडकीतून उजेड शिरू नये म्हणून तिच्यावर रबराचं झाकण बसवलं. वारा होता, म्हणून छत्री उघडून कॅमेऱ्यावर धरली आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत वायरचं बटण दाबून धरलं. सहा वाजून आठ मिनिटं. आता चार मिनिटं सोळा सेकंद या ट्रायपॉडला धक्का लागता कामा नये. शास्त्र एवढंच.

दीड मिनिटाच्या आसपास हाक आली. “ओ, फोटूवाले.” मी घड्याळावरून नजर काढली नाही. छत्रीचा हात जरा वर करून थांबा अशी खूण केली. गावात गेल्यापासून ज्याने त्याने मला ह्यात काय दिसतं म्हणून विचारलं होतं, आणि त्याच त्या प्रश्नाची मला चीड आली. नंतर सावकाश बोलू म्हटलं.

चार मिनिटं सोळा सेकंद झाले. बटण सोडलं. असल्या लांब फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ पुन्हा आत काहीतरी निवडत बसतो, तोवर तो बंद केला तर फोटो जातो. लाल दिवा लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. दिवा विझला तेव्हा मान वर केली. कातळ रिकामा होता. गेली वाटतं बाई, असं मनात म्हणालो आणि फोटो पाहिला. मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता तो.

रात्री जेवायच्या आधी तो लॅपटॉपवर घेतला. घळीच्या काठाशी एक फिकट डाग होता. काचेवर तुषार बसला की असे डाग येतात, ते नेहमीचंच. फोटोतलाच शेजारच्या खडकाचा तुकडा उचलून त्याच्यावर लावला, डाग गेला. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या आवाजाने जाग आली. सात-आठ माणसं उभी होती. त्यांच्या पुढे पस्तिशी-चाळिशीतला एक काळासावळा, रुंद खांद्यांचा गडी, डोळे तांबारलेले. भाईंनी सांगितलं, हा नारू कुबल. काल संध्याकाळी होडीवरून घरी आला तर बायको घरात नाही. प्रभावती तिचं नाव. टोपली आणि कोयतीही घरात नव्हती. सगळी रात्र खाडीच्या खडपात बत्त्या घेऊन फिरले, काही पत्ता नाही. बाकीच्या बायका म्हणाल्या, ती काल आमच्यात नव्हती.

“तुमी काल सांजेक खंय होतास?” नारूने विचारलं.

त्याचा आवाज रात्रभर हाका मारून बसला होता. पण मला त्या बसलेल्या आवाजात फक्त राग ऐकू आला. मागे उभी असलेली माणसं दिसली, फोडायला निघालेली भिंत आठवली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पाठच्या खडपावर. पण मी बायकांचे फोटो काढलेले नाहीत. हवं तर बघा.”

हे कोणी विचारलंच नव्हतं. तरी मी आत जाऊन लॅपटॉप आणला आणि ओटीवर उघडून ठेवला. स्वच्छ पुसलेला फोटो सगळ्यांसमोर आला. माणसं पुढे वाकली. कोणीतरी म्हणालं, “आरे, ह्या तर आपला पाठचा खडप.” नारू गुडघे टेकून बसला आणि त्याने स्क्रीनवर बोट फिरवायला सुरुवात केली, कातळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“किती वाजता काढलास ह्यो?”

“सहा. सहा वाजून आठ मिनिटं.”

“थय कोण नाय.”

“फोटोत कोणीच नाही,” मी म्हणालो.

“नारू,” भाई म्हणाले, “ह्यांचो फोटू एका क्षणाचो नसता. चार मिनटां चलता. काल माका समजावन सांगल्यानी.”

नारूने माझ्याकडे पाहिलं. “चार मिनटां?”

“हो.”

“म्हणजे चार मिनटां थय कोणच नव्हता.”

हा क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. त्याचं बोट स्क्रीनवर होतं, घळीच्या जरा वर. सगळे माझ्याकडे बघत होते. एवढंच म्हणायचं होतं की नारू, तसं नसतं, त्यात हलणारी माणसं दिसतच नाहीत. एक बाई होती, निळ्या लुगड्यातली. नंतर दिसली नाही. तीन वाक्यं. पण पहिलं वाक्य म्हटलं की पुढची आलीच. मग तुम्ही आत्ता फोटोत कोणीच नाही का म्हणालात? ती कुठे गेली? तिने हाक मारली का? मी घसा खाकरला. तेवढ्यात नारू उठला होता.

“पाठच्या खडपात बघूची गरज नाय,” तो माणसांना म्हणाला. “खाडीतच गेली ती. जाळी काढा. भरती चढायच्या आधी खाडीचा तोंड बांधून घेवया.”

दोन मिनिटांत अंगण रिकामं झालं. पाठच्या खडपावर तेव्हा पाणी नुकतंच चढायला लागलं असेल. साडेआठ वाजले होते.

त्या दिवशी मी परत जाऊ शकलो असतो. एसटी दुपारी होती. पण आपण पळ काढला असं दिसेल म्हणून थांबलो, आणि लाज वाटत होती म्हणून त्यांच्याबरोबर खाडीवर गेलो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जाळ्याची दोरी ओढली. माझ्या मागे काठावर नारूची आई बसून होती. पांढऱ्या केसांची, बारकी म्हातारी. ती रडत नव्हती. प्रत्येक वेळी जाळं वर आलं की उठून पुढे यायची आणि आत बघून परत जागेवर जायची. दुपारी तिने मला पेज आणून दिली.

“तुमका कित्याक तरास,” ती म्हणाली. “तुमी पावणे.”

मी पेज प्यायलो. मनात एकच हिशेब चालू होता. ती बाई वेगळी कोणी असेल. शेजारच्या गावची असेल. आणि हीच असली तरी तिथून निघाली ती घरी यायलाच निघाली असणार, वाटेत खाडीत पाय घसरला असेल. म्हणजे ही माणसं योग्य जागीच शोधतायत. दिवसभर मी हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते मला पटलं.

अंधार पडल्यावर घरी आलो. पावणेआठ झाले होते. अंग पुसलं, आणि हात रिकामे नको म्हणून लॅपटॉप उघडला. पुसलेला फोटो बघवेना. मूळ फोटो उघडला. तो डाग होता तिथेच होता. मी तो मोठा केला. आणखी मोठा केला.

काचेवरचा डाग गोल असतो, कडा विरलेल्या. हा उभा होता. वर एक लहान फिकट गोळा, त्याखाली रुंद, निळसर. त्याच्यातून मागचा खडक आरपार दिसत होता, पण आकार होता. आणि कमरेशी तो सरळ रेषेत तुटला होता, कारण तिथून खाली घळ सुरू होत होती.

चालणारा माणूस असल्या फोटोत उमटत नाही, हे मी सांगितलंच. एका जागी थांबलेला उमटतो. जेवढा वेळ थांबेल तेवढा गडद. हा आकार पाहून मी सांगू शकत होतो, दीड मिनिट तरी ती हललेली नव्हती. कालवं ठोकणारी बाई दीड मिनिट स्तब्ध राहत नाही. घळीत कमरेपर्यंत अडकलेली बाई राहते.

आणि हाका दोन होत्या. पहिलीत शब्द होते, दुसरीत नव्हते. दुसरी मी ऐकली तेव्हा घड्याळात अजून एक मिनिट नि दहा सेकंद उरले होते, तेही मला आठवतं. त्यानंतर पुन्हा काही आलं नाही.

मी लॅपटॉप घेऊन उठलो. दारापर्यंत गेलो. ओटीवर भाई एकटेच बसले होते, पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून. बाहेर टिपूर चांदणं होतं. पाणी त्या दिवशी पावणेसातला पुरतं ओसरलं होतं; आठ वाजता कातळ अजून उघडाच असणार, अर्ध्या तासात टेकडी उतरता येत होती. हे सगळं मला माहीत होतं, भरती-ओहोटीचं कोष्टक माझ्या खिशात होतं.

“काय ओ?” भाई म्हणाले.

तिच्यावरून दोन भरत्या होऊन गेल्या, असं माझ्या डोक्यात आलं. रात्रीची एक, दुपारची एक. जिवंत असणं शक्यच नाही. मेलेलं माणूस आज सापडलं काय नि उद्या सापडलं काय. आणि आज सांगायचं तर सकाळी का नाही सांगितलंत, हा प्रश्न आत्ताच येणार, या अंधारात, दमून भडकलेल्या माणसांसमोर. सकाळी उजेडात परत नीट बघू. कदाचित डागच असेल.

“काही नाही,” मी म्हणालो.

“जेवतलास ना?”

“हो.”

मी आत जाऊन लॅपटॉप मिटला आणि हात धुऊन जेवायला बसलो. भाईंच्या बायकोने बांगड्याचं तिखलं केलं होतं.

पहाटे साडेपाचला मी भाईंना उठवलं. फोटो दाखवला, बोट ठेवलं. “इथे काहीतरी दिसतंय असं वाटतं.” भाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि मग चपला घालून नारूकडे गेले. सव्वासहाला आम्ही टेकडी उतरत होतो. नारू सगळ्यांच्या पुढे धावत होता आणि तिचं नाव घेऊन हाका मारत होता. खालून फक्त पाण्याचा आवाज येत होता.

ती घळीतच होती. फोटोत होती त्याच्या हातभर खाली. घळ वर रुंद आणि खाली निमुळती, तिथे दोन धोंड्यांमध्ये तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत बसला होता. मान एका बाजूला कललेली, केस मोकळे, डोळे उघडे. कोयती हातात तशीच होती. पदराचं टोक तिने वरच्या खडकाच्या एका शिंगाला गाठ मारून बांधलं होतं, पाणी चढल्यावर धरायला.

नारू आत उतरला आणि त्याने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. मग त्याने घळीच्या भिंतीकडे पाहिलं आणि तिच्यावरून हात फिरवला. तिचा हात पोचेल तेवढ्या अंतरातली एकूण एक कालवं फोडलेली होती. कवचं तिथेच चिकटून होती, आतून पांढरी, स्वच्छ.

“खात होती,” तो म्हणाला.

तो परत म्हणाला, “भाई, ती हय बसान खात होती.”

आठच्या सुमाराला हवालदार आला. भरती चढायच्या आत पंचनामा उरकायचा होता आणि त्यांचा फोटोग्राफर तालुक्याहून यायला दुपार झाली असती. भाईंनी माझ्याकडे पाहिलं. हवालदार म्हणाला, “तुमचा कॅमेरा आहे ना, चार फोटो काढून द्या. एक पूर्ण, एक चेहऱ्याचा, एक पायाचा.”

मी काढले. चेहऱ्याचा काढताना नारूने तिच्या कपाळावरचे केस मागे केले आणि हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. स्टुडिओत आया लहान मुलांचं तसंच करतात. डोळ्यांच्या कडा मिठाने सुजल्या होत्या. कालवं फोडलेल्या भिंतीचाही एक काढला, तो कोणी मागितला नव्हता.

दुपारी शवविच्छेदन उरकून डॉक्टर ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात आला. तरुण होता, चेहऱ्यावर झोप होती. हवालदाराला सांगत होता, पण मी तिथेच उभा होतो आणि नारूही. “डोक्याला मार आहे, पण जीव जाण्यासारखा नाही. काही वेळ शुद्ध गेली असेल. मरण बुडून आलंय. आणि फार वेळ झालेला नाही. काल मध्यरात्रीच्या भरतीत, असं वाटतं.”

“काल?” हवालदार म्हणाला. “परवा ना?”

“काल. परवाची आणि काल दुपारची भरती तिने काढली. पाणी गळ्यापर्यंत आलं असेल. काल रात्रीचं उधाण जरा मोठं होतं, त्यात शक्ती राहिली नाही. काल संध्याकाळपर्यंत जिवंत होती बाई.”

नारू भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. काल संध्याकाळी पावणेआठला. बादलीतून वाफ येत होती, भाई विचारत होते काय ओ, आणि टेकडीपलीकडे ती कोयतीने कालव उघडत होती. मी व्हरांड्याच्या कडेला जाऊन ओकलो. एका नर्सने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, सवय नसते ना माणसाला.

परत आलो तेव्हा नारू तिथेच बसलेला होता. त्याने मान वर न करता विचारलं, “शिखरेंनू, फोटू तुमी परत कदी बघलास?”

त्याने संशयाने विचारलं नव्हतं. हे मी आज सोळा वर्षांनीही शपथेवर सांगेन. माणसाला सगळं क्रमाने लावून बघायचं असतं, कुठे काय झालं असतं तर काय झालं असतं. तो फक्त तेवढं करत होता. खरं सांगायला मला तिसऱ्यांदा जागा मिळाली होती. या वेळी तर फक्त वेळ सांगायची होती.

“आज पहाटे,” मी म्हणालो. “झोप येईना म्हणून सहज उघडला.”

त्याने मान हलवली. “देवानच बुद्धी दिल्यान तुमका,” तो म्हणाला. “नायतर ती थयच रवली असती. माशे खाऊन टाकतले होते. अग्नीसुद्धा मिळालो नसतो.”

भाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला सहन होईना, पण मी बाजूला झालो नाही.

गावात हीच गोष्ट ठरली. सांगलीच्या फोटोवाल्याने फोटोतला एवढासा डाग ओळखला आणि प्रभावती सापडली. शब्द पाळला, एकाही बाईचा फोटो काढला नाही, आणि तरी तिला शोधून दिलं. भाईंनी पत्र पाठवलं, तेराव्याला यायलाच हवं, नारूचा आग्रह आहे. बायको म्हणाली, जाऊन ये, एवढं मानतात तर. मी तिलाही काही सांगितलं नव्हतं. तिलाही आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मी गेलो. नारूच्या अंगणात पानं मांडली होती. पहिल्या पंगतीत, जावई आणि भावकीच्या वर, मला बसवलं. नारू स्वतः पाणी वाढत होता. त्याची आई भाताचं पातेलं घेऊन आली, माझ्यासमोर वाकली आणि माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवला.

“तुमी नसतास,” ती म्हणाली, “तर आमची परभा आमका गावली नसती.”

पंगतीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली आणि जेवायला लागलो. म्हातारी परत आली तेव्हा मी भात पुन्हा घेतला.